डावी वेणी

माझी डावी वेणी कुणीतरी कापून टाकली होती, आणि चौकातली माणसं माझं अभिनंदन करत होती.

दहावीचा निकाल नुकताच लागला होता. आई आणि मी गिरणीतून दळण घेऊन येत होतो. एस.टी.च्या थांब्याजवळ आई एकदम थांबली आणि डोक्यावरचा डबा सावरत म्हणाली, वर बघ. वडाच्या फांदीपासून विजेच्या खांबापर्यंत ताणून बांधलेला फ्लेक्स, आणि त्यात मी. माझं तोंड आमच्या घराच्या दारापेक्षा मोठं. रंग मूळच्यापेक्षा कितीतरी उजळ, ओठ गुलाबी, केसांभोवती निळसर कड. उजव्या खांद्यावर लाल रिबिनीची वेणी, आणि डाव्या खांद्यावर काहीच नाही.

फोटो हॉल तिकिटासाठी काढलेला होता. स्टुडिओत मागे गडद निळा पडदा, डावी वेणी खांद्यामागे राहून त्यात मिसळून गेलेली. फ्लेक्सवाल्याने मागचा पडदा कापून काढताना वेणीही पडदाच समजून कापली.

फ्लेक्स लावला होता तात्यांनी. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, सयाजीराव कणसे. एकदा उपसरपंच झालेले आणि त्यानंतर त्या पदावरून मनाने कधीच न उतरलेले. आमच्या गावात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला किंवा वारला, की आधी फ्लेक्स लागतो आणि मग बाकीचं. कणशांच्या घरात मी शाळेत पहिली आले म्हटल्यावर तात्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. मधोमध मी, माझ्या शेजारी हात जोडलेले तात्या, खाली काळे चष्मे लावलेल्या शुभेच्छुकांची रांग. माझ्या फोटोखाली माझं पूर्ण नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव, आणि लोकांना अभिनंदन करता यावं म्हणून पप्पांचा मोबाईल नंबर.

गावाने चेष्टा केलीच. एक वेणी परीक्षेच्या बाकावर राहिली काय गं, असं मला दुकानात, नळावर, देवळात, सगळीकडे विचारून झालं. मी तात्यांकडे जाऊन म्हटलं, तेवढं दुरुस्त करून घ्या ना. ते हसले. एवढ्या वर कोण वेण्या मोजतंय, म्हणाले, नाव बघ केवढं मोठं टाकलंय. मग तोच फ्लेक्स त्यांनी मोबाईलवर भावकीच्या ग्रुपवर टाकला, शाळेच्या ग्रुपवर टाकला, दूध संस्थेच्या ग्रुपवर टाकला. चुलतभावांनी, त्यांच्या मित्रांनी, मित्रांच्या मित्रांनी स्टेटसला ठेवला. मला कुणी काही विचारलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटत होतं. एक वेणी नसली तरी.

आईला मात्र काहीतरी टोचत असावं. त्या संध्याकाळी तिने माझी दृष्ट काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुधाला जाताना बोटावर काजळ घेऊन गेली. फ्लेक्सवरच्या माझ्या गालापर्यंत हात पोचेना, तेव्हा हाताला लागला त्या कोपऱ्यावर तिने काळी तीट लावली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसल्या. आई म्हणाली, हसा, एवढी उघड्यावर टांगलीय पोर, लागंल कुणाची तरी.

पंधरवड्यात फ्लेक्स उतरला, कारण त्या जागी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा लागायचा होता. उतरलेला फ्लेक्स आमच्या वाट्याला आला. पावसाळा तोंडावर होता आणि गोठ्यामागे वैरणीची गंजी उघडी होती. पप्पांनी तो गंजीवर पालथा टाकला, वर दगड ठेवले. माझं तोंड वैरणीकडे गेलं आणि मी विसरून गेले.

मग फोन सुरू झाले.

आमच्या घरात एकच फोन होता. पप्पांचा, बटणांचा. त्यावर फोटो निघत नव्हता की दिसत नव्हता. पप्पा टेम्पोतून गावोगावचं दूध गोळा करायचे, त्यामुळे तो दिवसभर वाजायचाच. एका संध्याकाळी कुणी अनोळखी माणूस म्हणाला, रेवती आहे का? पप्पांना वाटलं, अभिनंदनाचाच असणार. त्यांनी कौतुकाने मला हाक मारली आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडचा माणूस जे बोलला ते मी आजही कागदावर उतरवणार नाही. मी सोळाचीही झाले नव्हते. पप्पा समोर उभे होते, तोंडभर हसत, कोण होतं म्हणून विचारत. मी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, रॉंग नंबर.

हा शब्द पुढे माझ्याच गळ्यात अडकवला गेला.

फोन थांबेनात. पप्पा विचारायचे, कोण तुम्ही, काय काम आहे, तर पलीकडे खदखदून हसायचे. पप्पांनी मला फोन देणं बंद केलं, मग माझ्याकडे बघणं बंद केलं. आणि एका सकाळी तात्यांनी आम्हा तिघांना त्यांच्या सोप्यात बोलावून घेतलं. आमची घरं एका भिंतीला भिंत लावून, तरी निरोप पाठवून बोलावलं म्हटल्यावर आईने पदर नीट केला.

तात्यांना पाटणच्या कुण्या ओळखीच्याने काहीतरी पाठवलं होतं. इंटरनेटवर माझ्या नावाचं खातं, त्यावर माझा फोटो, खाली पप्पांचा नंबर, आणि चार ओळी, ज्या वाचून माणसं फोन करत होती. तात्यांनी मोबाईल पप्पांच्या डोळ्यांसमोर क्षणभर धरला आणि मागे घेतला. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू कशाला बघतीस? तूच टाकलंयस की."

मी म्हटलं, मी काही टाकलेलं नाही, माझ्याकडे मोबाईल आहे का?

"मैत्रिणींकडं हायत न्हवं. कुणाच्या मोबाईलवर काढलास फोटो, तेवढं सांग."

मी म्हटलं, मला दाखवा तरी. त्यांनी मोबाईल खिशात घातला. पोरीबाळींनी असलं बघायचं नसतं, म्हणाले. ज्या फोटोसाठी माझा न्याय होत होता, तो फोटो बघायला माझं वय कमी पडत होतं.

पप्पा खाली बघून म्हणाले, "पहिला फोन आला तवा रॉंग नंबर म्हणालीस. म्हंजे तुला ठावं हुतं."

मी काहीतरी उलट बोलले. काय बोलले ते आठवत नाही. त्यानंतर पप्पांचा हात आठवतो. त्यांनी त्याआधी मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. आईने मला मागून धरलं, एवढं घट्ट की तिच्या बांगडीचा वळ माझ्या दंडावर मारापेक्षा जास्त दिवस राहिला.

कराडला अकरावी सायन्सला जायचं ठरलं होतं. वसतिगृहात जागा बघून ठेवली होती, प्रवेशाची मुदत चालू होती. तात्यांनी तिथल्या तिथे ते संपवलं. कराड-बिराड काही नाही, म्हणाले, येत्या रविवारी ढेबेवाडीकडची माणसं येतील, मुलगा चांगला आहे, सुपारी फोडून ठेवू, लग्न अठरा पूर्ण झाल्यावर. बभ्रा व्हायच्या आत. पप्पांनी मान हलवली. थोरल्या भावापुढे त्यांची मान एकाच दिशेने हलायची.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, तुलाही वाटतं का मी टाकला? ती चुलीपुढे बसली होती. तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मला त्यातलं कळत न्हाई बाळा. पर तू खोटं बोलत न्हाईस, ते कळतंय." कळतंय, पण उपयोग काय. त्या घरात आईला कळलेल्या गोष्टीला कधी मतदानाचा हक्क नव्हता.

त्याच आठवड्यात शाळेत गुणवंतांचा सत्कार आणि जोडीला मोबाईल-इंटरनेटच्या धोक्यांवर व्याख्यान ठेवलेलं होतं. आयोजक अर्थातच तात्या. गेटवर त्याचाही फ्लेक्स, हात जोडलेले तात्या, आणि व्याख्यात्यांचं नाव कुठेतरी खाली बारीक. मला वाटलं, मला घरीच ठेवतील. पण तात्यांनी आईला बजावलं की पोर आलीच पाहिजे. आली नाही तर लोक म्हणतील काहीतरी असणारच. यावं, ओढणी नीट घ्यावी, मागे बसावं, बोलू नये.

म्हणून मी गेले. हॉलमध्ये सतरंजीवर डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, मागे खुर्च्यांवर पालक. मी मुलींच्या शेवटच्या रांगेत. माझ्या मागेच आईची खुर्ची, पप्पा अगदी दाराशी. सत्कार सुरू झाला आणि मुख्याध्यापकांनी शाळेत दुसऱ्या आलेल्या मुलापासून नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं कोण आलं, हे त्या दिवशी त्या शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. शाल, नारळ, टाळ्या. आईचा हात मागून माझ्या पाठीवर येऊन थांबला. तो हात तिथे नसता तर मी तेव्हाच उठून गेले असते.

व्याख्याते साताऱ्याहून आले होते, प्राध्यापक बोंगाळे. माणूस वाईट नव्हता. आवाज खणखणीत, अधूनमधून विनोद. सुरुवात त्यांनी "विद्यार्थी मित्रांनो" अशी केली, पण मुद्द्यावर आल्यावर त्यांचं तोंड मुलींकडे वळलं ते वळलंच. मुलींनो, आपला फोटो अनोळखी माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही. मुलींनो, आपलं पूर्ण नाव, शाळा, गाव, घरचा फोन नंबर कुणालाही द्यायचा नाही. मुलींनो, मोह आवरा. त्या फोटोंखाली घाण लिहिणारे, फोन करून खदखदणारे जे कोण असतात, ते उजव्या बाजूच्या सतरंजीवर पाय पसरून बसले असू शकतात, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. उजव्या बाजूने जांभया येत होत्या.

मग ते म्हणाले, उदाहरण दिल्याशिवाय गांभीर्य कळत नाही, आणि तुमच्याच भागातलं उदाहरण माझ्याकडे आहे. मुलीचं नाव सांगणार नाही. आपण तिची ओळख झाकली आहे. हिने हौसेने एक सेल्फी टाकला, आणि बघा काय झालं.

पडद्यावर फोटो आला.

डोळ्यांवर काळी पट्टी होती. नाव आणि नंबर खोडलेले. एवढी पट्टी मारली की माणूस ओळखू येत नाही, अशी ज्याने कुणी ती मारली त्याची समजूत असावी. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग उजव्या बाजूने कुणीतरी माझं नाव हळूच उच्चारलं आणि हसू पसरलं. मुलींच्या रांगांतून एकेक मान मागे वळायला लागली.

मी मात्र पडद्याकडे बघत होते. इतके दिवस ज्याच्यासाठी मार खाल्ला, ते मी पहिल्यांदा बघत होते. उजळ केलेला रंग. गुलाबी ओठ. केसांभोवती निळसर कड. उजव्या खांद्यावर वेणी, लाल रिबीन. डाव्या खांद्यावर काही नाही.

मी उभी राहिले. ठरवून नाही. आईचा हात पाठीवरून सुटला एवढंच जाणवलं.

"सर, त्या मुलीला एकच वेणी का आहे?"

बोंगाळे सर म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ या.

"शेवटी नको. तुम्ही म्हणालात तिने सेल्फी काढला. सेल्फीत वेणी कापून येते का?"

उजव्या बाजूचं हसू एकदम कमी झालं. सरांनी वळून पडद्याकडे बघितलं, जणू त्यांनीही तो फोटो पहिल्यांदाच नीट बघितला. तात्या व्यासपीठावरून म्हणाले, "रेवती, गप खाली बस." आणि नाव न सांगण्याचा प्रश्न त्यांनीच मिटवून टाकला.

"ती मुलगी मीच आहे," मी म्हटलं. "सगळ्यांना कळलंय, आता पट्टी काढली तरी चालेल. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. चौकात बघितलाय. एक वेणी कुठं गेली म्हणून मला किती जणांनी विचारलं, त्यांनी आता हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. पण सगळ्यांच्या माना पडद्याकडे होत्या, आणि मागे खुर्च्यांवर बायकांमध्ये "अगं हो की" असं उमटत गेलेलं मला ऐकू आलं. माझा आवाज थरथरत होता. भीतीने थरथरतोय असं लोकांना वाटलं असेल. भीती नव्हती ती. दातांखाली वाळू असावी तसा राग होता.

"सर, तुम्ही सांगितलंत, अनोळखी माणसाला फोटो द्यायचा नाही, नाव द्यायचं नाही, शाळा, गाव, नंबर द्यायचा नाही. मी दिला नाही. माझ्याकडे मोबाईलच नाही. आमच्या घरात आहे त्याला बटणं आहेत. एस.टी.तून जाणाऱ्या प्रत्येकाला फोटो, नाव, शाळा, गाव, नंबर, सगळं एकत्र कुणी दिलं? मग मोबाईलवरून सगळीकडे कुणी पाठवलं?"

"आम्ही मान केला तुझा," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कौतुक केलं. हे त्याचं पांग फेडतीस व्हय?"

"मला विचारलं होतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. पोरीचा फोटो लावताना पोरीला विचारायचं असतं, हे वाक्य त्यांच्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं. ते सरांकडे बघून म्हणाले, चालू द्या तुमचं.

तेव्हा मला ते सुचलं. मी सरांना विचारलं, "हा फोटो तुम्हाला कुणी दिला?"

बोंगाळे सर खोटं बोलण्यात तयार नव्हते, आणि त्यांची नजर आपोआप शेजारच्या खुर्चीकडे गेली. सगळ्या हॉलने ती नजर जाताना बघितली. स्थानिक उदाहरण हवं म्हणून त्यांनी आयोजकांकडे मागितलं होतं, आणि आयोजकांनी घरातलंच दिलं होतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून. घराण्याचं नाव राखायला.

"तो फ्लेक्स आत्ता आमच्या गोठ्यामागे गंजीवर आहे," मी म्हटलं. "ज्याला पटत नसेल त्याने जाऊन बघावं."

दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पप्पा उठून बाहेर गेले होते. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, संपलं. शरमेने गेले. आता रविवार कुणी अडवू शकत नाही.

सरांनी पडदा बंद करायला सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मुलगी बोलतेय त्यावर मला आज बोलता येणार नाही. एवढं प्रामाणिकपणे म्हटलं, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. पुढे त्यांनी माफी मागितली असं मात्र नाही. कुणीच मागितली नाही.

आई आणि मी घरी आलो तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला होता. गोठ्यामागे पप्पा गंजीवर चढले होते. दगड खाली ढकलून दिले होते आणि फ्लेक्स उलटा करून अंथरला होता. माझ्या तोंडाला वैरणीचा चुरा चिकटलेला, ओलीने डाग पडलेले. खाली त्यांचाच नंबर, ठळक, लाल अक्षरांत. कोपऱ्यात आईने लावलेली तीट अजून होती.

वैरण भिजेल, आई म्हणाली. ते म्हणाले, भिजू दे. मग बराच वेळ त्या फोटोकडे बघत गुडघ्यांवर बसून राहिले.

"रोज ह्याच्या खालनं वैरण काढतोय मी," ते म्हणाले. "रोज."

माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. मला त्यांची कीव येत होती आणि त्या कीवेचाही राग येत होता. गालावर हात उमटला तेव्हा त्यांना पुरावा लागला नव्हता, आणि आता पुरावा बघायला ते पावसात बसले होते.

त्यांनी फ्लेक्सची घडी घातली नाही. तसाच ओढत नेला, आमच्या अंगणातून, भिंतीच्या फटीतून तात्यांच्या अंगणात, आणि त्यांच्या दारासमोर पसरला. तोंड वर करून. तात्या तेवढ्यात शाळेतून परत येत होते. दारात जायचं तर माझ्या तोंडावर पाय देऊन जावं लागणार होतं. ते थांबले.

"दादा, तुमची वस्तू," पप्पा म्हणाले. "रविवारी कुणी येऊ नका म्हणून कळवा. आमी उद्या कराडला जातोय."

एवढंच बोलले. थोरल्या भावापुढे त्यांनी आयुष्यात उच्चारलेलं बहुधा ते सर्वांत लांब वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅनच्या मधे बसून मी कराडला गेले. कॉलेजच्या दारात उतरताना पप्पा माझ्या दंडाकडे, बांगडीच्या वळाकडे बघून म्हणाले, "दुखतंय का?" तो वळ त्यांचा नव्हता, पण मी हो म्हटलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही. ते खातं बंद व्हायला कितीतरी महिने गेले. तोच एका वेणीचा फोटो कराडच्या कॉलेजातही माझ्याआधी पोचलेला होता. पप्पांनी नंबर बदलला, त्यात दुधाची जुनी गिऱ्हाइकं तुटली. दोन्ही घरं कितीतरी दिवाळ्या एकमेकांच्या दारात गेली नाहीत. खातं कुणी काढलं ते कधीच कळलं नाही. आणि कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात चौकात नवा फ्लेक्स लागला होता, जनजागृती कार्यक्रमाच्या यशस्वी आयोजनाबद्दल सयाजीराव कणसे यांचं हार्दिक अभिनंदन. आई त्याच्याखालून जाताना थुंकली. तिला असं करताना मी तेव्हा एकदाच बघितलं.

मी आता स्वतः शाळांमधून मुलांना हे शिकवायला जाते. माझी एकच अट असते. पालक आले पाहिजेत, आणि त्यांनी पुढे बसलं पाहिजे. मी पहिला प्रश्न त्यांना विचारते, आज सकाळपासून तुम्ही तुमच्या मुलांचे किती फोटो कुणाकुणाला पाठवलेत, आणि त्यातल्या किती फोटोंच्या वेळी मुलांना विचारलं होतं? मुलं खूश होतात. पालक चिडतात. एकदा एका वडिलांनी विचारलं, मॅडम, तुम्ही एवढं रागाने का बोलता? मी त्यांना म्हटलं, सवय आहे.

गेल्या महिन्यात जुईला घेऊन माहेरी गेले होते. माझी लेक, अजून वर्षाचीही झालेली नाही. जावळ दाट आहे म्हणून आईने तिच्या डोक्यावर दोन बाजूंना दोन शेंड्या बांधल्या होत्या, लाल रिबिनीच्या, आणि गालावर तीट. ती पप्पांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण चावत होती.

तात्या आले. आता काठी घेऊन चालतात. दोन्ही घरांचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालंय, लग्नकार्यापुरतं. जुईला बघून त्यांचे डोळे खरंच पाणावले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तिच्यासमोर धरला आणि चुटकी वाजवत म्हणाले, "हिकडं बघ बाळा, हिकडं. पहिला वाढदिवस हाय. चौकात असा मोठा लावू, अख्खा तालुका बघंल."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात चहाचे कप. माझ्या तोंडापर्यंत जे आलं होतं ते मी दहा वर्षं जपून ठेवलेलं होतं, आणि ते फार सभ्य नव्हतं.

त्याआधी पप्पांचा हात हलला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. क्षणभर मला वाटलं, ते पोरीचं तोंड झाकणार. माझ्या दातांखाली ती जुनी वाळू आली.

त्यांनी टॉवेल तात्यांच्या मोबाईलवर टाकला.

तात्यांचा हात तसाच राहिला, टॉवेलखाली, हवेत. जुईला गंमत वाटून ती हसली. पप्पांनी तिची सुटत आलेली एक रिबीन नीट केली आणि भावाकडे न बघता म्हणाले, "दादा, पोरीला दोन शेंड्या हायत. दोन्ही हितंच राहू द्या."